गळालेल्या डायपरची कोरडी बाजू

प्रयोगशाळेत आम्ही डायपरवर साधं पाणी कधीच ओतत नाही. ओततो ते ०.९ टक्के मिठाचं पाणी, निळा रंग घालून आणि अंगाइतकं कोमट करून. डायपरच्या गाभ्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे पांढरे दाणे असतात. शुद्ध पाणी ते स्वतःच्या वजनाच्या काही शे पट धरतात. लघवीसारख्या खारट द्रवात हाच आकडा साधारण तीस पटींवर येतो. ग्लासभर नळाचं पाणी ओतून डायपरची करामत दाखवणारे पाहिले की मला राग येतो. त्या प्रात्यक्षिकावर भरवसा ठेवून एखादी आई रात्री निर्धास्त झोपते.

मी इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकले, थोडा काळ गिरणीत काढला आणि मग पुण्याजवळच्या एका कारखान्यात डायपरच्या आरेखनाचं काम करू लागले. तिथं मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते परत आलेल्या डायपरांनी. चाचणीसाठी ज्या घरांत आम्ही डायपर देतो, तिथल्या आया वापरलेला प्रत्येक डायपर पिशवीत बंद करून ठेवतात, वर काढल्याची वेळ लिहितात, गळाला असेल तर फुली मारतात. आम्ही तो तोलतो, उलगडतो, कापतो. वास येतो, पण हे काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. फुली मारलेल्या डायपरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची: पुढचा भाग जेलीसारखा फुगलेला आणि मागचा भाग कोरडा ठणठणीत. अजून बरंच मावलं असतं, तरी दुपटं भिजलेलं.

बाळाची शू एका धारेत, काही सेकंदांत येते. दाण्यांना फुगायला त्याहून जास्त वेळ लागतो. एकाच जागी दाणे दाटीनं असले की वरचे फुगून एकमेकांना चिकटतात आणि खालच्यांपर्यंत काही पोचू देत नाहीत. मग दुसऱ्या वेळची धार वरच्यावर वाहत मांडीकडे जाते. म्हणून बाळाच्या अंगाला लागणाऱ्या वरच्या थराच्या, म्हणजे टॉपशीटच्या, खाली फुगीर तंतूंचा एक थर घालतात. त्याला आम्ही एडीएल म्हणतो. तो द्रव क्षणभर सांभाळतो आणि मागेपुढे पसरवतो. गळतीच्या तक्रारी आल्या की बैठकीत पहिली सूचना ‘दाणे वाढवा’ हीच असायची. मी कापलेल्या डायपरांचे फोटो टेबलावर मांडले. दाणे आहेत तेवढेच ठेवून एडीएल मागपर्यंत लांबवला, आणि फुल्या कमी होत गेल्या.

त्वचेचं दुखणं याहून गुंतागुंतीचं आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साडेपाचच्या आसपास. शू आणि शी एकत्र आली की शीमधल्या जंतूंचं युरिएज हे विकर लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतं. पीएच वर चढतो, आणि शीमधलीच पचनाची विकरं अधिक जोमानं कामाला लागतात. ओलाव्यानं आधीच मऊ पडलेली कातडी, वर घासणं. मग ती लाली, आणि पाणी लागताच बाळाचं ते कळवळून रडणं. गाभ्यानं ओल झटकन आत ओढून परत वर येऊ दिली नाही, तर गळती आणि लाली दोन्हींना आळा बसतो.

पण पुढं दोघींच्या वाटा फुटतात. गळू नये म्हणून बंद करत जावं, तर आत वाफ कोंडते. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शॉवरचा पडदा कापून लंगोटावरचं आच्छादन शिवलं (१९५१ साली त्यांना पेटंट मिळालं), तेही त्या काळच्या रबरी चड्ड्यांना कंटाळून. त्या चड्ड्यांत ओल कोंडून बाळांना पुरळ यायचं. आज बाहेरच्या प्लॅस्टिकमध्ये खडूची बारीक पूड मिसळून ते ताणतात. प्रत्येक कणाभोवती सूक्ष्म छिद्र पडतं. त्यातून वाफ जाते, थेंब जात नाही. आम्ही ही छिद्रं वाढवून पाहिली. बाळांची त्वचा छान राहिली, पण आया म्हणाल्या, “बाहेरून ओलसर लागतंय, गळतंय हे.” गळत नव्हतं, बाहेर पडणारी वाफ हाताला गार लागत होती. त्यांना खोटं ठरवण्यात अर्थ नव्हता. मधला भाग कमी छिद्रांचा ठेवला आणि कमरेच्या बाजू मोकळ्या केल्या.

घरोघरी गेल्याशिवाय कळलंच नसतं असंही काही होतं. आपल्याकडे आजी बाळाला तेल लावून, चोळून, न्हाऊ घालते. मांडीच्या वळ्यांत तेल राहतंच. तिथं डायपरचा मांडीभोवतीचा इलॅस्टिकचा काठ (कफ) घसरतो, आणि तेलाचा ओशटपणा टॉपशीटला लागला की शू आत शिरायला वेळ लागतो. इलॅस्टिक घट्ट केलं तर वळ उठतात. एका जाड धाग्याऐवजी बारीक धागे जास्त घेतले. पकड तीच राहिली, दाब वाटला गेला. “मालीश करू नका” असं छापण्याचा प्रस्ताव मी मोडून काढला. सुवासाची मागणी मात्र अजून येते. मी दर वेळी नाही म्हणते. बाळाच्या कातडीला त्या वासाचा काही उपयोग नाही, झाला तर त्रासच.

आणि पैसे. बऱ्याच घरांत डायपर फक्त रात्री आणि प्रवासात, आणि रात्रभर एकच. “महाग पडतं हो ताई,” हे मी फार ऐकलं आहे. दर तीनचार तासांनी बदला, शी झाली की लगेच बदला, दिवसा थोडा वेळ उघडं ठेवा, हा सल्ला खराच आहे, आणि मीही तो देते. पण आरेखन करताना मी धरून चालते ती रात्रभर न बदलणारी आई. तिचं बाळ कोरडं राहिलं तर बाकीच्यांचं राहीलच.

सध्या नवजात बाळांच्या डायपरवर काम चालू आहे. अंगावरच्या दुधावरची शी पातळ असते. तिच्यातलं पाणी दाणे शोषतात, घट्ट अंश मात्र टॉपशीटवरच अडून पाठीकडे सरकतो. म्हणून छिद्रांची टॉपशीट आणि कमरेमागे एक खिसा, असा नमुना केला आहे. तो पावसाळ्याआधी घराघरांत पोचवायचा आहे, कारण लंगोट वाळत नाहीत त्या दिवसांत डायपर बाळाच्या अंगावर सगळ्यांत जास्त वेळ राहतो.