नऊ तासांचा हिशेब

धाकटा भाऊ लंडनला गेला, तेव्हा आईने विचारले, "किती लांब रे?" मी भूगोलाचा मास्तर. शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला आणि मुंबई ते लंडन दोरी ताणून दाखवली. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ तुर्कस्तानवरून जाते; गोलावरची दोरी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडे सरकते, आणि तीच वाट जवळची. सुमारे ७,२०० किलोमीटर, तास नऊ. येताना वारा पाठीशी, म्हणून थोडे कमीच.

आईला किलोमीटर कळले नाहीत, तास कळले. बऱ्हाणपूरहून मुंबई ५०० किलोमीटर, गाडीला आठ तास. म्हणजे मुंबईच्या एवढेच की! मग बहादरपुरात जो येईल त्याला ती सांगे, "मुंबईहून एक तास जास्त." शेजारच्या भाभी म्हणत, "फिर तो पास ही है, माँजी." मीही कधी दुरुस्त केले नाही. तिची झोप त्या एका तासावर होती.

२०१८ च्या जानेवारीत, सोमवारी पहाटे पाचला आई गेली. फोन केला. तिकडे रविवारच्या रात्रीचे साडेअकरा.

"दादा, मी निघतो. थांबाल ना?"

मी वही घेतली. सकाळचे विमान मिळाले, तरी मुंबईत उतरेपर्यंत आपल्याकडचे रात्रीचे साडेअकरा. मग पासपोर्टची रांग, सामान, कल्याणला मिळेल ती गाडी, स्टेशनहून रिक्षा. वहीत मंगळवारचे साडेनऊ आले. साडेअठ्ठावीस तास! त्यातले विमानाचे जेमतेम नऊ.

अंगणात माणसे जमली होती. "भैया कब तक पहुँचेंगे?" कोणी बर्फाच्या लाद्या आणू म्हणाले, कोणी म्हणाले, रात्र काढू नये. मुमताजमहल १६३१ साली आमच्या बऱ्हाणपुरातच वारली. तापीपलीकडे झैनाबादेत तिला दफन केले आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेले. बादशहाचे तसे चालते. मी दुपारी चारला उठवायला सांगितले. त्याला विचारायचे, तर तो तेव्हा आभाळात होता.

मंगळवारी आला. ओट्यावर बूट काढले, आईच्या रिकाम्या खाटेवर बसला. मनगटावरचे घड्याळ लंडनचेच होते. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. बुधवारी अस्थी सावडायला दोघे गेलो.

दहाव्याला वाद निघाला तो वेगळाच. मी म्हणत होतो, आई सोमवारी गेली, तो म्हणे, "माझ्याकडे रविवार होता." भटजींनी वेळ विचारली, पंचांग उघडले आणि म्हणाले, "सूर्योदयाआधी ना? मग वार रविवारच धरायचा."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.