पापड एक, खिडक्या पाच

माणसानं बँकेत नोकरी खुशाल करावी, पण ती शेजाऱ्यांना कळू देऊ नये. डॉक्टरला लोक निदान आजारी पडल्यावर विचारतात. बँकवाल्याला धडधाकट असतानाही विचारतात. जिन्यात विचारतात, भाजीच्या गाडीपाशी विचारतात, मयतीलासुद्धा सोडत नाहीत. एकदा स्मशानाच्या वाटेवर एक गृहस्थ माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "मुदतठेवीचं व्याज वाढणार का हो?" ज्यांना आम्ही खांदा दिला होता त्यांची मुदत भरली होती, एवढंच त्या क्षणी मला खात्रीनं सांगता आलं असतं.

तेव्हा २०२२ च्या फेब्रुवारीत मागच्या गल्लीतल्या मावशी रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, तेव्हा मी सावध झालो. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीत कागद असतील तर काम आपलं, आणि डबा असेल तर काम त्याहून मोठं, असा माझा अनुभव आहे. पिशवीत दोन्ही होतं.

डब्यात बिबडे होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बिबडा म्हणजे ज्वारीचा पापड. पण असं म्हणणं म्हणजे हत्तीला सोंडेचा बैल म्हणण्यासारखं आहे. ज्वारी भिजत घालायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. तो हाटताना भल्या भल्या पहिलवानांचे दंड भरून येतात. मग हात भाजत असताना ओल्या फडक्यावर तो पातळ थापायचा आणि खाटेवर उन्हात टाकायचा. या सगळ्यात ऊन तेवढं फुकट. आमच्याकडे ऊन सोडून बाकी सगळ्याला अर्ज करावा लागतो.

मावशींचे यजमान डाळ मिलमध्ये कामाला होते. २०२० च्या टाळेबंदीत मिल बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा निरोप सगळ्यांना गेला, यांना गेला नाही. तेव्हापासून घर बिबड्यांवर चालत होतं. गल्लीतली मुलं पुण्याला नोकरीला गेली की त्यांच्या बॅगेतून बिबडे जायचे, आणि परत यायच्या त्या मित्रांच्या ऑर्डरी. मावशींना आता पापडाचं यंत्र, पीठ मळायचं यंत्र आणि पावसाळ्यात वाळवायला एक ड्रायर हवा होता. सगळा खर्च तीन लाख.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "सरकार पस्तीस टक्के देतंय म्हणे. खरं का?"

खरं होतं. २०२० साली केंद्र सरकारनं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली होती. पाच वर्षांत दहा हजार कोटी रुपये. साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. एका उद्योगाला खर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. स्वतःचे किमान दहा टक्के घालायचे, बाकीचं बँकेचं कर्ज. मी बी.कॉम. असल्यामुळे ओट्यावरच हिशेब करून दाखवला : अनुदान एक लाख पाच हजार, तुमचे तीस हजार. "मात्र अनुदान हातात येत नाही," मी म्हणालो. "ते तीन वर्षं बँकेतच राहतं. तुम्ही नीट हप्ते भरलेत, उद्योग चालू ठेवलात, तर कर्जातून वळतं होतं."

"म्हणजे सुनेला घातलेला दागिना सासूच्या कपाटात," मावशी म्हणाल्या. बँकिंगच्या पुस्तकात या प्रकाराला दोन पानं दिली आहेत.

"सोपं आहे हो मावशी," मी म्हणालो. "चार-पाच कागद लागतील, एवढंच." आयुष्यात मी जी काही खोटी विधानं केली त्यांत हे सगळ्यात निरागस.

त्याचं असं आहे की, ज्वारी पापड होईपर्यंत शेतीची असते. म्हणून योजना शेतीच्या खात्याकडे. पापड झाल्यावर तो उद्योग होतो, म्हणून उद्यम नोंदणी. तो कोणी खाणार असेल तर ते अन्न, म्हणून अन्नाच्या कार्यालयाची नोंदणी. तो घरात लाटला जातो आणि घर पालिकेच्या हद्दीत, म्हणून पालिका. आणि तो लाटायला पैसे लागतात, म्हणून आम्ही. पापड एक, खिडक्या पाच. यातली एकही खिडकी वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. उद्यम नोंदणी फुकट होती; आधार असलं की झालं. फक्त ती संगणकावर करायची असल्यामुळे चौकातल्या पोऱ्यानं त्या फुकट नोंदणीचे चारशे रुपये घेतले. त्या वेळच्या व्याख्येप्रमाणे एक कोटीपर्यंत यंत्रसामग्री आणि पाच कोटीपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' धरला जाई. एक खाट, दोन पातेली आणि चार फडकी बाळगणाऱ्या मावशीही सूक्ष्म ठरल्या. "पाच कोटीवाले कुठं भेटले तर सांगा," त्या म्हणाल्या, "एका पंगतीत बसू."

अन्नाच्या नोंदणीची फी त्या वेळी वर्षाला शंभर रुपये होती. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्यांना तेवढ्यात भागत असे. पण तिथं जागेचा पुरावा हवा. जागेचा पुरावा पालिकेत. पालिकेत घर मावशींच्या सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे १९९८ सालीच सगळ्या कार्यालयांच्या हद्दीबाहेर गेलेले. वारसनोंद करायची तर आधी घरपट्टीची बाकी भरा. बाकी भरायला पैसे हवेत. पैशासाठी कर्ज हवं. कर्जासाठी अन्नाची नोंदणी हवी. आमच्या लहानपणी एक खेळ होता : गोल फिरत राहायचं आणि गाणं थांबलं की खुर्ची पकडायची. इथं गाणं थांबत नव्हतं आणि खुर्च्यांवर आधीच माणसं बसली होती.

शेतीच्या कार्यालयात आणखी एक गंमत झाली. त्या योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एकेक उत्पादन वाटून दिलेलं होतं. नागपूरला संत्रं, कोल्हापूरला गूळ, तसं आमच्या जिल्ह्यालाही एक आलं होतं. कोणतं ते सांगत नाही, नाहीतर साहेब ओळखू येतील. पण ते ज्वारी नव्हतं. "याचे बिबडे नाही का करता येणार?" असं खिडकीतल्या माणसानं खरोखरच विचारलं. मावशींनी त्याला बिबडा म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. मग दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं की, आधीपासून चालू असलेल्या उद्योगाला ती अट नाही. पण उद्योग आधीपासून चालू आहे याचा कागद हवा. मावशींनी दोन्ही तळहात पुढं केले. तीस उन्हाळ्यांचे चटके होते त्यावर. ते जोडपत्रात बसत नव्हते.

मार्च गेला, एप्रिल गेला. मावशींची चप्पल दोनदा शिवून झाली. पुण्याची एक मोठी ऑर्डर त्यांनी सोडली, कारण बिबड्यांच्या ऐन हंगामात दर तिसरा दिवस खिडक्यांपुढं जात होता. स्वतःचे तीस हजार भरायला आणि घरपट्टी फेडायला त्यांनी पाटल्या आमच्याच बँकेत ठेवल्या. सोनेतारणाच्या खिडकीवर वीस मिनिटांत काम झालं. सोन्याला उद्यम नोंदणी लागत नाही, ते कोणत्या जिल्ह्याचं उत्पादन आहे हेही कोणी विचारत नाही.

"भाऊ, ते लिज्जतवाल्या बायांनी कुठं अर्ज केला होता?" एकदा मावशींनी मला विचारलं. मी गप्प बसलो. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायका ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेव्हा कुठलीच योजना नव्हती, आणि म्हणून कुठलीच खिडकी नव्हती, असं म्हणायचा मला मोह झाला. पण ते खरं नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या मुंबईच्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळाली ती या मंडळामुळे. कागद तेव्हाही लागत असणारच. फक्त बाई आणि खिडकी यांच्या मध्ये दोघींचीही भाषा येणारं कोणीतरी उभं होतं.

मे महिन्याच्या शेवटी 'समन्वय सभा' लागली. आमचे मॅनेजर रजेवर असल्यानं मला पाठवण्यात आलं. समन्वय सभा म्हणजे सगळ्या खिडक्या एका खोलीत आणून ठेवणं. प्रत्येक खात्यानं आपला अहवाल वाचला. शेतीच्या साहेबांनी 'शेतमाल प्रक्रियादार : महिला एक' असं सांगितलं. उद्योगवाल्यांनी 'सूक्ष्म उद्योजक : महिला एक' म्हटलं. पालिकेच्या बाई म्हणाल्या, 'बचत गट सदस्य : एक'. अन्नाच्या साहेबांकडे 'अन्न व्यावसायिक : एक'. मी उठून 'प्रस्तावित कर्जदार : एक' असं वाचलं आणि खाली बसलो. कारकुनानं बेरीज केली आणि इतिवृत्तात लिहिलं : एकूण महिला लाभार्थी, पाच.

मी दुहेरी नोंदीवर पोसलेला माणूस; पण ही पंचेरी नोंद मला नवी होती. त्या पाचही बायका त्या क्षणी बाहेर व्हरांड्यात एकाच बाकावर, एकाच लुगड्यात बसल्या होत्या आणि लाभ त्यांतल्या एकीलाही झाला नव्हता.

सभेत एक तरुण मुलगी होती. अशा अर्जदारांना मदत करायला योजनेतच एक माणूस नेमलेला असे. त्याला 'जिल्हा संसाधन व्यक्ती' असं भारदस्त नाव होतं, आणि प्रकरण मंजूर झालं तरच मानधन. ती महिन्याभरापूर्वीच रुजू झाली होती. ती उठली आणि म्हणाली, "सर, या पाच नाहीत. या एकच मावशी आहेत. त्यांना आत बोलावू का?"

लाभार्थीला सभेत बोलावावं की नाही यावर थोडी चर्चा झाली. तेवढ्यात मावशी आतच आल्या. मुलीनं त्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि सगळे कागद पत्ते लावावेत तसे लावले. वारसनोंद झाली होती. उद्यम होतं. अन्नाच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर होता. प्रकल्प अहवाल होता. जिल्ह्याची शिफारस होती. सगळे साहेब वाकून बघू लागले. आपल्याखेरीज बाकीच्यांचे कागद ते पहिल्यांदाच पाहत होते.

"मग अडलंय कुठं?" शेतीच्या साहेबांनी विचारलं.

मुलीनं शेवटचा कागद उचलला. "बँकेनं परत पाठवलंय. आधारवर नावाला 'बाई' जोडलेलं आहे, पासबुकात नाही. 'नावात तफावत, पूर्तता करावी.' तारीख अकरा एप्रिल."

खाली सही होती. ती वाचता येत नव्हती. पण मला वाचायची गरज नव्हती. अठरा वर्षं मी ती करतो आहे.

त्या दिवशी टेबलावर बहात्तर अर्ज होते. मी नावं जुळवत होतो, माणसं नव्हे. ज्या बाईचे बिबडे खाल्ल्याशिवाय आमच्या घरात खिचडी होत नाही, तिच्या नावातली 'बाई' मला सापडली नाही म्हणून मी तिला दीड महिना उन्हात उभं केलं होतं. आणि त्याच दीड महिन्यात रोज संध्याकाळी ओट्यावर बसून "सरकारी कारभार असाच हो मावशी!" असं मीच तिला ऐकवत होतो.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊंकडं काम फार असतं."

त्या एका वाक्यानं माझं जे झालं ते कुठल्याही खातेनिहाय चौकशीनं झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मावशींना घेऊन गेलो, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि पासबुकात 'बाई' घातली. तेरा मिनिटं लागली. जूनमध्ये कर्ज मंजूर झालं. यंत्रं टेम्पोतून उतरत होती तेव्हा पहिला पाऊस आला. त्या वर्षीचा हंगाम गेला तो गेलाच. ड्रायर मात्र त्या पावसात चालू झाला, आणि आमच्या गल्लीनं श्रावणात बिबडे वाळताना पहिल्यांदा पाहिले.

दिवाळीत मावशी पाकीट घेऊन आल्या. छापील पाकीट, मागं चौदा आकडी नंबर, वजन, तारीख, सगळं रीतसर. पुढं त्यांचं नाव, आणि नावाला जोडून 'बाई', दोन बोटं उंच अक्षरात.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "एकदा नजर घाला. तुमच्या पासबुकाशी जुळतंय ना?"

मी पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला आणि जिथं कोणी सही मागितली नव्हती तिथं, कोपऱ्यात, पेनानं बरोबरची खूण केली.