पदवीचा भाव

बँकेतली नोकरी म्हणजे काय, हे वसईतल्या ख्रिस्ती घरांना सांगावे लागत नाही. १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक निघाली, तेव्हापासून ठेव, कर्ज, तारण, जामीनदार हे शब्द आमच्या ओटीवर रुळलेले आहेत. आम्ही स्वतः एका सरकारी बँकेत चौतीस वर्षे काढली. त्यामुळे आमच्या थोरल्या कन्येने दोन वर्षांपूर्वी, आपल्याला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचे आहे व त्यासाठी एम.बी.ए. करायचे आहे, असे जाहीर केले तेव्हा तिची आजी समाधानाने म्हणाली, ‘म्हणजे बापासारखीच बँकेत!’ तसे ते नाही, हे समजावून सांगण्यात आमचा एक संपूर्ण रविवार गेला.

ही बँक कोणाच्या ठेवी घेत नाही, पासबुक देत नाही. वाडी विकताना दोन पक्षांच्या मध्ये बसणारा, भाव जमवून आणणारा, कागद तयार करणारा आणि व्यवहार पुरा झाला की आपली टक्केवारी घेऊन उठणारा गृहस्थ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याचेच हे अतिभव्य रूप. फरक एवढाच, की येथे वाडीऐवजी अख्ख्या कंपन्या विकल्या जातात, किंवा कंपनीचे भाग प्रथमच जनतेसमोर विक्रीस ठेवले जातात. अमेरिकेने १९३३ साली कायदा करून ठेवी घेणारी बँक व हा व्यवसाय यांची फारकत केली होती. १९९९ साली ती भिंत पाडण्यात आली. आपल्याकडे हा धंदा ‘मर्चंट बँकिंग’ या नावाने १९६७ साली ग्रिंडलेज बँकेने आणला, आणि १९९२ पासून तो सेबीच्या नियमांखाली आहे. एवढे सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, ‘म्हणजे दलाली.’ आम्हांस त्याहून नेमका शब्द अद्यापि सापडलेला नाही.

आता पदवीविषयी. आमच्या काळी सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा उत्तीर्ण झाले की वेतनवाढ मिळे. त्या कागदाचे मोल नियमावलीत छापलेले होते. उद्या वरिष्ठाची मर्जी फिरली तरी ते कमी होत नसे. एम.बी.ए.चे तसे नाही. या व्यवसायात पहिली पायरी अॅनालिस्टची, दुसरी असोसिएटची, आणि पुढे चढत चढत मॅनेजिंग डायरेक्टर. पदवीनंतर लगेच आलेला मुलगा पहिल्या पायरीवर उभा राहतो, एम.बी.ए. झालेला दुसऱ्या. म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण एक पायरी वाचवते. परंतु पहिल्या पायरीवर नीट काम केलेल्यांस एम.बी.ए.शिवायही वर घेण्याची रीत आता अमेरिकेत सर्रास झाली आहे. आपल्याकडे तर सी.ए. झालेली कितीतरी माणसे या क्षेत्रात आहेत. मग आमच्या कन्येस, जी स्वतः सी.ए. आहे, या कागदाची गरजच काय?

तिचे उत्तर आम्हांस विचारात पाडणारे होते. ती तेव्हा मालाडला एका परदेशी बँकेच्या साहाय्य केंद्रात होती. संध्याकाळची गाडी पकडून जायची, पहाटे परतायची. न्यूयॉर्कमधील मंडळी ज्या कंपनीचा सौदा करीत, तिची पुढील दहा वर्षांची कमाई आजच्या रुपयात किती भरते याचा तक्ता ही तयार करी. सौदा होई, अभिनंदनाचे निरोप फिरत, त्यांत मालाडचे नाव नसे. ‘पप्पा, मी भाव काढते, पण बोलणी दुसरेच करतात,’ ती म्हणाली. मालाड आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये रस्त्याने थोडके अंतर आहे. परंतु साहाय्य केंद्रातून उठून तेथल्या खुर्चीवर जाऊन बसणारे फार थोडे. ती भिंत ओलांडण्याचा एक मान्य मार्ग म्हणजे मोजक्या संस्थांची ही पदवी.

मोजक्या, हा शब्द महत्त्वाचा. गंमत अशी की, ज्या भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या नावावर हा सारा बाजार उभा राहिला, त्या अनेक दशके पदवी देतच नसत, पदविका देत. पदवीचा अधिकार त्यांस २०१७च्या कायद्याने मिळाला. तरीही बँका तेथेच जात. जून महिन्यात वर्ग सुरू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उन्हाळी उमेदवारीसाठी निवड होऊन जाते. चार-पाच महिन्यांत असे काय शिकवून होणार? बँक शिक्षण विकत घेत नाही, चाळण विकत घेते: सुमारे तीन लाख परीक्षार्थींमधून ही मुलगी येथवर आली, एवढेच तिला पुरते. म्हणूनच त्याच नावाची पदवी दुसऱ्या कोठून घेतली तर तिचे मोल एकदम घसरते. आमच्या भाच्याने एका संस्थेला चौदा लाख रुपये मोजले. जाहिरातीत परदेशी बँकांची बोधचिन्हे होती. हाती आली ती विमा विकण्याची नोकरी. विमा विकणे कमीपणाचे नव्हे, पण त्यासाठी चौदा लाख लागत नाहीत.

जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. जेझुइट फादरांनी १९४९ साली काढली, आणि तिचे संचालक राहिलेल्या फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी १९९३ साली गोव्यात व्यवस्थापन संस्था उभी केली. येथे पॅरिशच्या पत्राने प्रवेश मिळेल, असे समजणारे एक पालक आम्हांस भेटले होते. तेथेही परीक्षाच द्यावी लागते. असो.

खर्चाचा हिशेब आम्ही बँकेच्या सवयीने मांडला. अहमदाबाद किंवा कोलकाता येथे दोन वर्षांस २५ लाखांच्या आसपास. हार्वर्डला तर वर्षाची नुसती शिकवणीच ७५ हजार डॉलरहून अधिक. २५ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३१,७०० रुपये, अभ्यासकाळातील व्याज वेगळे. वर दोन वर्षांचा पगार सोडायचा. आमच्या बारा गुंठे वाडीवर एका बिल्डरची नजर बरीच वर्षे आहे, आणि पत्नीने एका रात्री हलक्या आवाजात तो विषय काढलाही. त्या रात्री आम्हां उभयतांस झोप आली नाही. आमच्या वडिलांनी लावलेले नारळ अजून धरतात.

एरवी साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जास बँका तारण मागतात. परंतु नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला तर अनेक बँका ते मागत नाहीत. हे आमच्याच व्यवसायातले असल्याने आम्हांस ठाऊक होते. त्यावरून अट ठरली: जेथे बँक तारणाशिवाय कर्ज देते तेथेच जायचे, नाही तर चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत, जेथील फी त्यामानाने पुष्कळच कमी. बँक ज्या पदवीवर स्वतःचे पैसे लावायला तयार नाही, त्या पदवीवर आम्ही वाडी का लावावी? कन्येने ही अट वाद न घालता मान्य केली.

एक गोष्ट मात्र हिशेबात बसेना. या कामाचा आठवडा ऐंशी तासांचा, कधी त्याहून मोठा. २०१३ साली गोल्डमन सॅक्सने कनिष्ठांना शुक्रवारी रात्री नऊपासून रविवारी सकाळी नऊपर्यंत कार्यालयात येण्यास मनाई केली, तेव्हा ती मोठी सवलत मानली गेली. २०२४ साली जे.पी. मॉर्गनने मर्यादा घातली तीही ऐंशी तासांची. आजीने विचारले, ‘रविवारी नऊ वाजता कामावर, मग मिस्साला कधी?’ नात म्हणाली, ‘सहाच्या.’ दोघी हसल्या. आम्ही हसलो नाही.

मुलाखतीत तिला विचारण्यात आले, ‘हे काम तुम्ही करताच आहात, मग येथे कशाला?’ तिने मालाडचेच उत्तर दिले. कोलकात्याला प्रवेश मिळाला, कर्ज तारणाविना मंजूर झाले, आणि गेल्या जूनमध्ये ती गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री अकराला तिचा फोन आला: उन्हाळ्याचे दोन महिने वांद्रे-कुर्ला संकुलात. आजी जाग्याच होत्या. ‘म्हणजे घरी राहणार ना?’ त्यांनी विचारले. ‘हो, झोपायला,’ ती म्हणाली. वाडीचा सातबारा कपाटात आहे तेथेच आहे. विहिरीचा पंप मात्र यंदा बदलावा लागेल.