काच बंद व्हावी, पण बोट सापडू नये

आमच्या घरी चारचाकी आली ती तिसऱ्या हातची. धाकटे बंधू ती टॅक्सीच्या परवान्यावर चालवितात; त्यातूनच मुलांची फी निघते. गाडीच्या काचा बटणाने वर-खाली होतात, परंतु कुलूप लावल्यावर आपोआप बंद होत नाहीत. पावसाळ्यात एखादी काच चार बोटे उघडी राहिली की सीट भिजते, कुबट वास येतो आणि उतारू नाक मुरडतो. म्हणून रिमोटने कुलूप लावताच काचा बंद करणारी डबी बसवावी, असे घरात ठरू लागले.

पैसे देण्यापूर्वी आम्ही ती कशी चालते हे इलेक्ट्रिशियनकडून समजून घेतले. जुन्या गाडीच्या काचेच्या मोटरला बहुधा दोनच तारा असतात. प्रवाह एका दिशेने दिला की काच वर, उलट दिला की खाली. डबी बटण आणि मोटर यांच्या मध्ये जोडतात. कुलपाचा इशारा मिळताच ती काचा वर नेते. काच वर टेकली की मोटर अडते, प्रवाह एकदम वाढतो. ते ओळखून डबी वीज तोडते.

खरी मेख इथेच आहे. काच वरच्या रबराला अडली काय अन् लेकराच्या बोटाला अडली काय, प्रवाह वाढतोच. साधी डबी फक्त थांबते. सापडलेले बोट तसेच दाबलेले राहते. कारखान्यातूनच ही सोय घेऊन येणाऱ्या गाड्यांत मोटरचे फेरे मोजले जातात. काच कुठवर आली हे यंत्रणेला कळते आणि वाटेत काही अडले तर काच उलट खाली येते. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमात अशा काचेचा दाब १०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण १० किलो वजनाच्या, आत ठेवला आहे. छताच्या सरकत्या काचेलाही हाच नियम लागू आहे.

जुन्या गाडीत आणखी एक अडचण. काचेच्या खाचेतले रबर कडक झालेले असते. काच जड चढते, डबीला वाटते अडथळा आला, आणि काच अर्ध्यावरच थांबते. मग कोणी कारागीर ती ठरावीक सेकंद जोर लावील अशी करून देतो. हे कदापि करू देऊ नये. आधी खाच साफ करावी, सिलिकॉनचा फवारा मारावा, फाटलेले रबर बदलावे.

बंधू म्हणाले, "कुलूप लावल्यावर आत कोण राहणार?" आई म्हणाली, "आत नाही रे, बाहेर! गाडी उभी राहिली की चाळीतली पोरं खिडकीला लोंबकळतात. त्यांचे हात कोण बघणार?" यावर कोणापाशी उत्तर नव्हते.

अखेर आम्ही बटण दाबून धरले तरच काच चढेल, अशी जोडणी घेतली. अंगठा उचलला की काच थांबते. अमेरिकेच्या त्याच नियमात साध्या रिमोटने काच बंद करण्याची मर्यादा ६ मीटर आहे. हेतू हाच की, बंद करणाऱ्याला गाडी दिसली पाहिजे. म्हणून बंधू आता गाडीजवळ उभे राहून, चारही खिडक्यांवर नजर ठेवूनच बटण दाबतात. अर्धा मिनिट जातो, एवढेच.

ओळखीच्या एकाच्या गाडीला छताची सरकती काच आहे. तिची मोटर आपल्या वेगळ्या पेटीवर चालते आणि त्या पेटीत बंद करण्याच्या इशाऱ्याची तार नसेल, तर जबरदस्तीने जोडू नये. दातेरी चाक तुटते. ती हातानेच बंद केलेली बरी.

काम झाल्यावर काचेत गाजर धरून पाहावे, स्वतःचे बोट कधीही घालू नये. आणि डबीवाल्याला किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: वाटेत हात आला तर काच खाली येते, की नुसती थांबते?