डबल स्टँड

हल्ली बऱ्याच टूरिंग गाड्यांना कंपनीकडून डबल स्टँड येतच नाही. कारणं रास्त आहेत म्हणा. वजन वाढतं, आणि गाडीच्या पोटाखाली दगडांना अडकायला आणखी एक लोखंड लोंबतं. माझी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर (भारतात २०२० साली आलेली, त्या पिढीतली) त्यातलीच.

चेनला मात्र ही कारणं कळत नाहीत. दर पाचशे-सहाशे किलोमीटरला ती साफ करून ल्यूब लावावं लागतं. पाऊस किंवा समुद्राकाठची वाळू लागली तर त्याआधीच. त्यासाठी मागचं चाक अधांतरी हवं. घरी पॅडॉक स्टँड चालतो, पण तो गाडीवर बांधून गुहागरला कोण नेणार? आम्ही दोघं मित्र फिरायचो तेव्हा प्रश्नच नव्हता. एकाने गाडी साईड स्टँडवर कलती धरायची, दुसऱ्याने चाक फिरवायचं. आता तो म्युनिकला गेलाय. ऑनसाईट नव्हे, कायमचाच. त्यामुळे एकट्याने निघायचं की नाही, हे सगळं ह्या चार-पाच किलो लोखंडावर येऊन अडलं होतं.

दुकानदार पावडर कोटिंगची चमक दाखवतात. बघायचं ते वेगळंच. स्टँड फ्रेमच्या मूळच्या भोकांवर बसतो का? ड्रिलिंग किंवा वेल्डिंग म्हणाले की नमस्कार करून निघा. दुमडल्यावर तो चेनला, सायलेन्सरला लागतो का? मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं तरी लागता कामा नये. आणि पायाने दाबायची दांडी पुरेशी लांब आहे का? मी ५८ किलोचा, गाडी सामानासकट दोनशे. इथे शाळेतली तरफ कामाला येते. गाडी हाताने उचलायचीच नसते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि अंगाचा सगळा भार दांडीवर टाकायचा. हात फक्त तोल सांभाळायला.

बसवताना खरी कुस्ती स्प्रिंगशी. हाताने ताणायला जाऊ नका, निसटली तर डोळाच जायचा. गॉगल घाला. स्प्रिंग व्हाईसमध्ये धरून एका बाजूला वाकवायची, उघडलेल्या फटींत वॉशर सरकवायचे. मग दुसऱ्या बाजूला तेच. स्प्रिंग तेवढी लांब होते, हुकात अडकते, आणि स्टँड खाली ओढला की वॉशर टपाटप गळून पडतात. पिव्होटला ग्रीस, बोल्टना थ्रेडलॉक. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे.

आणि एक कळकळीची विनंती. चाक अधांतरी आहे म्हणून इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन पुसू नका. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि त्यामागून बोटं. चाक हातानेच फिरवा.

परवा हर्णैला लॉजच्या अंगणात दहा मिनिटांत चेन उरकली. मालकांनी विचारलं, "एकटेच आलात?" हो म्हटलं. पहिल्यांदाच. अधांतरी चाकाचा फोटो म्युनिकला पाठवला. लगेच उत्तर आलं, "म्हणजे माझी नोकरी गेली म्हणायची!"