सही नेमकी कशावर?

2007 साली डिक चेनी यांच्या छातीतले हृदययंत्र बदलायचे होते. तेव्हा ते अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. कुणी बाहेरून बिनतारी संदेश धाडून त्यांच्या काळजाला झटका दिला तर? ही शंका डॉक्टर जोनाथन रायनर यांना आली आणि यंत्राची ती सोयच बंद ठेवली गेली.

मारी मोए यांच्यासाठी अशी शंका कुणी घेतली नाही. नॉर्वेच्या या संशोधक स्वतः संगणक-सुरक्षेतल्या. 2011मध्ये त्यांना पेसमेकर बसवला. त्यात बिनतारी संपर्काच्या दोन वाटा आहेत, हे त्यांना नंतर कळले. तेही तांत्रिक पुस्तिका स्वतः मिळवून वाचल्यावर. याच विद्येवर पोट असलेल्या बाईंची ही गत, मग इतरांचे काय विचारावे!

गंमत म्हणजे त्यांना दणका दिला तो कुणा हॅकरने नाही. लंडनमध्ये जिना चढताना त्यांचा दम एकाएकी संपला. ठोक्यांची वरची मर्यादा त्यांच्या वयाच्या मानाने फार खाली ठेवलेली होती. ती सापडायलाही वेळ लागला, कारण तपासणी-यंत्राच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे पडद्यावर एक आकडा दिसत होता आणि पेसमेकरमध्ये दुसराच होता.

ऑपरेशनआधी सही घेतात ती रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भूल यांच्या धोक्यांवर. सॉफ्टवेअरचे धोके मात्र सहीची शाई वाळल्यावर उगवतात. 2017मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) अ‍ॅबट कंपनीच्या (पूर्वीच्या सेंट ज्यूडच्या) सुमारे 4,65,000 पेसमेकरसाठी सुरक्षा-दुरुस्ती जाहीर केली. दवाखान्यात जायचे, तीनेक मिनिटे बसायचे; तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला 67 ठोक्यांच्या राखीव चालीवर. हॅकिंगमुळे कुणाला इजा झाल्याची नोंद नव्हती. उलट दुरुस्ती करतानाच यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता होती, 0.003 टक्के. ऐकायला नगण्य, पण सगळ्यांनी दुरुस्ती करून घेतली असती तर हिशेब 14 माणसांच्या आसपास जातो. न घडलेल्या हल्ल्याची भीती मोठी की हा मोजलेला धोका, हे डॉक्टर आणि रुग्णाने बोलून ठरवावे, असे एफडीएने सांगितले. सल्ला रास्तच. फक्त हे बोलणे यंत्र छातीत बसल्यावर सुरू होत होते, आणि तेव्हा ‘नको’ म्हणायला फारशी जागा उरलेली नसते.

2023पासून अमेरिकेत कायद्यातल्या एका कलमानुसार अशा यंत्रांच्या उत्पादकांना मंजुरीच्या अर्जातच सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी आणि त्रुटी दुरुस्त करण्याची योजना द्यावी लागते. ती कागदपत्रे एफडीएकडे जातात. रुग्णापुढे सहीसाठी येणाऱ्या कागदात यातले काय असावे, याबद्दल ते कलम काही बोलत नाही.