चांगुणा कॅसेटमध्ये मावली

लाखेच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात अभंग बसतो, लावणी बसते, पण कथा बसत नाही. श्रीयाळ राजाच्या दारी अतिथी येणार, भलतंच मागणं मागणार, चिलया बाळ जाणार आणि त्याची आई चांगुणा उखळापाशी उभी राहणार. एवढं सगळं सांगायचं, तर खंडोबाच्या वाघ्याला रात्र लागते. माझं तर ठाम मत आहे की आपल्या जागरण-गोंधळवाल्यांचे गळे कधीचेच तयार होते. उशीर झाला तो यंत्राला.

ते यंत्र म्हणजे कॅसेट. १९८०नंतर ती स्वस्त झाली, लहान कंपन्या उभ्या राहिल्या आणि तबकडीच्या काळात ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं, ते गायक ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पोहोचले. मूळचे सोलापूर जिल्ह्यातले छगन चौगुले त्यांतलेच. गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. जागरण-गोंधळाच्या पार्टीत गाता गाताच गळा घडलेला. तो ऐकून एका कंपनीनं त्यांच्याकडून ‘कथा चांगुणाची’ गाऊन घेतली, आणि त्यांचं नाव घरोघर गेलं.

जागरणात समोर माणसं असतात. घट मांडलेला, दिवटी पेटलेली, भंडारा उधळलेला. मध्येच कुणी ओवाळणी टाकतो, की त्याचं नाव घेऊन गाणारा पुन्हा कथेवर येतो. बंद खोलीत यातलं काहीच नाही. तिथे गाणाऱ्याला धरून ठेवतो तो झीलकरी. त्याचं ‘जी जी’ म्हणजे अख्ख्या मांडवाचा हुंकार. अशा कथा ऐकताना मी मुख्य आवाजाइतकंच त्या ‘जी’कडे कान लावून असतो.

कॅसेटनं कथा कापली, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. जागरणाच्या रात्री घरची बाई चुलीपुढे. वरण-भात उरकून ती मांडवाच्या कडेला टेकेपर्यंत निम्मी कथा होऊन गेलेली. कॅसेट आली आणि चांगुणा तिच्या हाती लागली. आमच्याकडे बाळे गावची मावशी भाकरी थापता थापता ऐकायची. ऐन उखळाच्या जागी पहिली बाजू संपून बटण खट्कन वर यायचं. मग पिठाचा हात पदराला पुसून ती आधी फीत थोडी मागे घेऊन ऐकायची, आणि मगच कॅसेट उलटी घालायची. आईचं ते दुःख तिला सबंध ऐकायचं असे, एक शब्दही न गाळता. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळायचं काम आम्हा पोरांकडे.

पुढे छगनरावांचं खंडेराया-बानूच्या लग्नाचं गाणं तर वरातीवरातीत वाजलं. २१ मे २०२० रोजी, टाळेबंदीतच, करोनानं ते मुंबईत गेले. त्या दिवसांत जागरणंही बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा बाळे गावच्या खंडोबाला चंपाषष्ठीला गेलो होतो. वाघ्यानं चांगुणेची कथा लावली, तशी मागून एक म्हातारी ओरडली, “छगनरावांच्या चालीवर म्हणा की!” वाघ्यानं तुणतुण्याची तार पुन्हा जुळवली आणि चाल बदलली.